हँगर

पाचव्यावर टाकला की क्षणभर पाचव्यात,
मग स्वतःच्याच मनाने चौथ्यात,
आणि चढावर, नेमक्या चढावर,
साखळी दोन चकत्यांच्या मध्येच कुरकुरत राहायची,
इकडची ना तिकडची.

तीन आठवडे मी स्क्रू पिळत होते.
मोबाइलवर बघून, चष्मा कपाळावर चढवून,
अर्धा आटा उजवीकडे, पाव डावीकडे,
पुन्हा सगळं सुरुवातीपासून,
सुरुवात कुठे होती तेच विसरून.

उद्यमनगरात, ओतकामाच्या भट्ट्यांमागे
दस्तगीर शिकलगारचं दुकान.
दुकान म्हणजे एक शटर, दोन स्टुलं,
छताला उलट्या टांगलेल्या सायकली
आणि शेजारच्या लेथवरून येणारा
तापलेल्या तेलाचा वास.

वायर सैल झाली असेल, मी म्हणाले, बदलून टाका.
तो काही बोलला नाही.
मागच्या चाकामागे उकिडवा बसला,
एक डोळा मिटून,
सुतार फळीची धार बघतो तसा.
"ह्ये दोन स्क्रू कुणी फिरवलं?"
मी.
"ही गावची वेस हाय, ताई.
साखळी आत तारांत पडू नये, भाईर फ्रेमवर पडू नये,
एवढंच ह्येंचं काम.
वेस हलवून गल्लीतली भांडणं मिटत न्हाईत."

मग डिरेलर सोडवला.
त्याच्या दोन चिमुकल्या चाकांत
वंगणाचा काळा चिखल, एक गवताची काडी.
उघड्या हँगरच्या भोकात त्याने
जुन्या चाकाचा आस पिळत नेला.
त्याचे आटे आणि याचे आटे एकच.
लेथवाल्याने आसाला हातभर पट्टी जोडून दिलेली.
पट्टीचं टोक रिमपाशी धरून चाकाभोवती फिरवलं,
घड्याळाच्या काट्यासारखं.
बारावर दोन बोटं बसली.
सहावर एक, तेही जेमतेम.

"पडलासा न्हवं कुठंतरी? उजव्या अंगावर."

हे विचारणं नव्हतं.
वाघबिळाच्या वळणावर खडी होती.
घरी सांगितलं होतं, कोपर दाराला आपटलं,
आणि भर एप्रिलमध्ये पूर्ण बाह्यांचे कुडते घालत होते.
बँकेत नोटा मोजताना दुखायचं,
तिथेही कुणी विचारलं नाही.
सायकलीने तेवढं जपून ठेवलं होतं.

"अल्युमिनमचा हाय. एकदा ऐकतो.
दुसऱ्यांदा मोडतो."
आणि त्याने पट्टी ओढली, इतकी हळू
की ओढतोय की नुसतीच धरलीय कळेना.
थांबायचं कधी ते त्याच्या मनगटालाच ठाऊक.

त्यानंतर वायर.
नट सैल करून बोटांनीच ओढली,
नुसता ढिलेपणा जाईल एवढी.
चाक उचलून पॅडल फिरवलं.
खट.
पाव आटा.
खट.
"आता बोलू नका."
मी बोलतच नव्हते.
तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीला लेथ थांबला,
आणि त्या शांततेत साखळी
एका चकतीवरून दुसरीवर गेली,
सवयीच्या घरात
अंधारात उंबरा ओलांडावा तशी.

एकशे वीस रुपये. साखळी पुढच्या महिन्यात.
"घासलीया. आठव्याला जरा कुरकुरंल,
तेवढं चालवून घ्या."

टेंबलाईच्या चढावर चौथा, तिसरा, दुसरा,
सांगितलेल्या जागी गेले, तिथेच राहिले.
उतारावर आठवा कुरकुरला.

रात्री भाकरी मोडता मोडता प्रतापने विचारलं,
काय निघालं मग सायकलीत?
हँगर वाकला होता.
म्हणजे?

आमच्याकडे बायकाही आलो-गेलोच म्हणतात.
उजवा हात रश्श्याने भरलेला,
डाव्या हाताने मी बाही वर सारली, कोपरापर्यंत.
पडलो, म्हटलं.

त्याने घास ताटात ठेवला.
"कवा?"